काकडीची निरोगी रोपं: ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत पहिले वीस दिवस कसे सांभाळायचे

काकडीचं बी रुजवणं अवघड नाही. २५ ते ३० अंश तापमान आणि बेताचा ओलावा मिळाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतो, आणि आपल्याकडे हे तापमान वर्षातले बरेच महिने आयतंच मिळतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. पाचव्या दिवशी टवटवीत दिसणारं रोप आठव्या दिवशी लांबुडकं होतं, दहाव्या दिवशी बुंध्याशी पाणचट होऊन मान टाकतं. ठाणे आणि नवी मुंबईच्या गॅलऱ्यांत, गच्च्यांवर काकडीची रोपं दगावतात ती मुख्यतः दोन कारणांनी: पाणी जास्त आणि ऊन कमी. खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत कुंडीतला ओलावा लवकर उडत नाही. शेजारच्या टॉवरच्या सावलीत दिवसातलं जेमतेम दोन तास ऊन मिळतं. त्यात 'रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घाला' असा कोरड्या हवेसाठीचा सल्ला पाळला, तर रोपाला जगायला जागाच राहत नाही. खालचं सगळं मार्गदर्शन या दोन गोष्टी सांभाळण्यासाठीच आहे.

पेरणी कधी करावी

आपल्या पट्ट्यात दोन काळ सगळ्यात सोयीचे. पहिला, पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. दुसरा, १५ जानेवारीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. जातीप्रमाणे पेरणीपासून साधारण ४५ ते ५५ दिवसांत पहिली काकडी तोडायला येते, म्हणजे फेब्रुवारीत पेरलेली वेल मे महिन्याच्या काहिलीआधी बराच माल देऊन मोकळी होते.

डिसेंबर-जानेवारीत पेरलं तर हरकत नाही, फक्त उगवण दोन-तीन दिवसांनी लांबते. पहाटे पारा १५-१६ अंशांवर उतरला की बी मातीत नुसतं पडून राहतं आणि ओलावा जास्त असेल तर कुजतं. या दिवसांत ट्रे रात्री घरात घ्यावा. फ्रिजच्या वर किंवा स्वयंपाकघराच्या माळ्यावर चांगली ऊब असते. कोंब दिसेपर्यंत बियाला उजेड लागत नाही, त्यामुळे अंधाराची काळजी नको. पण कोंब दिसला त्याच दिवशी ट्रे बाहेर आला पाहिजे.

एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारच्या उन्हात ठेवलेल्या काळ्या ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) इतकं तापतं की कोवळी मुळं भाजतात. पेरायचंच असेल तर ट्रे पूर्वेकडे हलवावा, किंवा दुपारी ११ ते ४ पर्यंत ३५ ते ५० टक्के सावलीची हिरवी नेट वर ताणावी. ट्रेखाली लाकडी फळी ठेवावी, तापलेल्या लादीवर तो थेट ठेवू नये.

आणि पावसाळा. कोकणात तवशी, म्हणजे तिथली मोठी काकडी, पावसाळ्यातच पिकते, घरोघरी तिच्या धोंडसाचा (गोड पदार्थाचा) घाट घातला जातो. पण ती वेल उताराच्या मोकळ्या जमिनीत असते, तिथलं पाणी धरून न राहता वाहून जातं. गॅलरीतल्या कुंडीला हे सुख नाही. पावसाळी काकडी करायची असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात आडोशाला बी टाकावं, म्हणजे जुलैच्या संततधारेआधी रोप पक्कं होतं. गच्ची असेल तर ट्रेवर पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर करावं, बाजू मात्र पूर्ण उघड्या ठेवाव्यात. चारी बाजूंनी बंद केलेल्या प्लास्टिकमध्ये रोपं बुरशीने जातात.

बी निवडताना

साध्या जातींमध्ये पूना खीरा, राहुरी कृषी विद्यापीठाच्या हिमांगी आणि फुले शुभांगी, आणि जास्त पावसाच्या भागासाठी शीतल ही नावं बियाण्यांच्या दुकानात सहज ओळखतात. या जातींच्या वेलींवर नर आणि मादी फुलं वेगळी येतात आणि फळ धरायला मधमाशी लागते. येऊरच्या पायथ्याशी किंवा पारसिकच्या डोंगराजवळ मधमाश्या येतातही. पंधराव्या-विसाव्या मजल्यावर त्यांची वाट पाहत बसू नये: तिथे एकतर ब्रशने हाताने परागीकरण करावं लागतं, नाहीतर परागीकरणाशिवाय फळ धरणारं संकरित बी घ्यावं. हे बी महाग असतं, नगावर मिळतं, म्हणून एकही वाया जाऊ नये अशीच पेरणी करावी लागते.

पाकिटावरची चाचणीची तारीख आणि वैधतेची मुदत पाहा. काकडीचं बी कोरड्या, थंड जागी चार-पाच वर्षं टिकतं, पण आपल्या दमट हवेत पाकीट फोडून कपाटात ठेवलं तर त्याची उगवण झपाट्याने घसरते. उरलेलं बी घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसह फ्रिजमध्ये ठेवा. बरणी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं.

जुनं बी असेल तर दहा बिया ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस ठेवून पाहा. आठ किंवा जास्त फुटल्या तर निर्धास्त पेरा. पाच ते सात फुटल्या तर प्रत्येक कपात दोन बिया टाका. त्याहून कमी फुटल्या तर नवं पाकीट आणलेलं बरं, कारण म्हातारं बी उगवलं तरी रोप अशक्तच निघतं आणि मर रोगाला (बुंध्याशी सडून रोप कोलमडतं तो रोग) तेच आधी बळी पडतं.

बी गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. ते हातमोजे घालून हाताळा, भिजवू नका (औषध धुऊन जातं) आणि त्याला वर ट्रायकोडर्मा लावू नका. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी, पण स्वतःही बुरशीच आहे, ते औषध तिलाही मारतं. साधं, न रंगवलेलं बी असेल तर चार ते सहा तास कोमट पाण्यात भिजवावं. रात्रभर, बारा तासांच्या पुढे भिजवलेलं बी हवेअभावी गुदमरतं. भिजवून निथळल्यावर चिमूटभर ट्रायकोडर्मा पावडर चोळून सावलीत दहा-पंधरा मिनिटं सुकवलं की पेरायला तयार.

कप, ट्रे आणि माध्यम

नर्सरीवाले ९८ कप्प्यांच्या प्रोट्रेमध्ये काकडीची रोपं करतात. त्यांना ती बारा-पंधरा दिवसांत विकायची असतात, त्यामुळे ते जमतं. घरी लावायला चार दिवस इकडेतिकडे होतात, आणि काकडीची मुळं एवढ्याशा कप्प्यात लगेच गुंडाळायला लागतात. म्हणून ५० कप्प्यांचा ट्रे किंवा १५० ते २०० मिलिलिटरचे कागदी कप घ्यावेत. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशव्या धुऊन, निम्म्या उंचीवर कापूनही उत्तम काम होतं. पिशवी असो की कप, तळाला पेन्सिल जाईल एवढी चार-पाच भोकं हवीत. एका भोकावर भागवू नका, ते कोकोपीटने बुजतं आणि तळात पाणी साचतं. जुने ट्रे वापरणार असाल तर साबणाने घासून, कडक उन्हात दिवसभर वाळवून घ्या. मागच्या हंगामातली मर बऱ्याचदा ट्रेच्या कोपऱ्यात चिकटलेल्या मातीतूनच परत येते.

रोपांसाठी बागेतली माती वापरू नये. ती घट्ट बसते, आणि मर रोगाची बुरशी तिच्यात असतेच. कोकोपीट तीन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग आणि परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) एक भाग हे मिश्रण दमट हवेत चांगलं चालतं. परलाइट नसेल तर धुतलेली जाड वाळू चालते. खाडीकाठची रेती मात्र चुकूनही नको, तिच्यात मीठ असतं आणि काकडीला खारटपणा अजिबात सोसत नाही. गांडूळखत पाव हिश्श्यावर नेऊ नका. खत जास्त म्हणजे रोप जोमदार असं होत नाही, उलट ओलावा धरून राहतो आणि कोवळ्या मुळांना क्षार झेपत नाहीत.

कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट तीन-चार लिटर पाण्यात फुगवली की साधारण आठ-नऊ लिटर माल होतो. २०० मिलिलिटरच्या तीस कपांना सहा लिटर मिश्रण लागतं, म्हणजे एक वीट पुरून उरते. फुगवल्यावर ते दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन, जुन्या ओढणीत किंवा गाळणीत निथळून घ्या. कोकोपीटमध्ये नारळाच्या सालीतले क्षार उतरलेले असतात. न धुतलेल्या कोकोपीटमधली रोपं उगवतात, पण पहिल्या खऱ्या पानाच्या (बियातल्या दोन जाड पानांनंतर येणाऱ्या पानाच्या) कडा तपकिरी होऊन तिथेच अडकतात. जमल्यास शेवटच्या धुण्याच्या पाण्यात लिटरला दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात ते रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा एकदा साध्या पाण्याने धुवा. कोकोपीट कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतं. ती भूक आधीच भागवली की रोपाच्या वाट्याचं कॅल्शियम रोपालाच मिळतं.

ओलावा किती हवा हे मुठीने ठरवा. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा टिकला आणि बोटांच्या फटीतून एक-दोन थेंबच आले, तर बरोबर. धार लागली तर पसरवून तासभर वाऱ्यावर ठेवा.

पेरणी

कप काठाच्या खाली एक सेंटिमीटरपर्यंत भरा आणि टेबलावर दोनदा हलकेच आपटा, म्हणजे आतल्या पोकळ्या बसतात. बोटाने कोंबू नका. मधोमध एक ते दीड सेंटिमीटर खोल खड्डा करून बी आडवं ठेवा, मिश्रणाने झाका आणि वरून बोटाच्या पेराने हलकं दाबा.

खोली आणि हे शेवटचं दाबणं, दोन्हींमागे कारण आहे. काकडीचं बी फुटतं तेव्हा मूळ आणि देठ यांच्या सांध्यावर एक बारीक खुंटी तयार होते. ती टरफलाच्या कडेला अडकून ते खाली धरून ठेवते. देठ वर ताणला जातो तशी दोन्ही बीजपत्रं (बियातली पहिली दोन जाड पानं) टरफलातून सुटून बाहेर येतात, आणि टरफल मातीतच राहतं. बी आडवं असलं की खुंटी खालच्या बाजूला नीट धरते, आणि वरचा दाबलेला थर टरफलाला जागेवर ठेवतो. बी फार वर पेरलं किंवा वरचा थर भुसभुशीत कोरडा राहिला, की टरफल सुटत नाही आणि रोप ते डोक्यावर घेऊन वर येतं. असं झालं तर टरफल कोरडं असताना ओढू नका, बीजपत्रं फाटतात. संध्याकाळी त्यावर पाण्याचा थेंब ठेवा, सकाळपर्यंत मऊ झाल्यावर दोन नखांनी हळूच कडेने मोकळं करा. उलट बी अडीच-तीन सेंटिमीटर खोल गेलं तर कोंब वर यायला उशीर होतो आणि त्याची बरीच शिदोरी त्यातच खर्च होते.

पेरल्यावर झारीच्या बारीक धारेने एकदाच पाणी द्या आणि ट्रेवर वर्तमानपत्र किंवा दुसरा ट्रे उपडा ठेवा. कोंब दिसेपर्यंत परत पाणी लागत नाही. वरचा थर पांढुरका दिसू लागला तरच स्प्रे मारा. सहाव्या-सातव्या दिवशीही काही दिसलं नाही तर एक कप उकरून पाहा. बी कडक आणि कोरं असेल तर ऊब किंवा ओलावा कमी पडला. मऊ, वास येणारं असेल तर पाणी जास्त झालं. बीच नसेल आणि पोकळ टरफलं पडलेली असतील तर उंदीर. काकडीच्या बियांवर उंदरांचा फार डोळा असतो. तळमजल्यावर, नाल्याजवळच्या इमारतीत किंवा चाळीत ट्रे पहिल्या चार रात्री घरातच ठेवा, नाहीतर पाव इंची तारेच्या जाळीने झाका.

कोंब दिसला की ऊन

अर्धे कप उगवले की आच्छादन काढा. राहिलेल्यांची वाट पाहू नका, एक दिवसाचा अंधारसुद्धा देठ दुप्पट लांबवतो. चांगल्या रोपात मातीपासून बीजपत्रांपर्यंतचा देठ चार-पाच सेंटिमीटर असतो, जाडी तीन-चार मिलिमीटर, रंग फिका हिरवा, आणि बीजपत्रं सपाट पसरलेली. देठ आठ-दहा सेंटिमीटर, पांढरट आणि एका बाजूला झुकलेला असेल तर ऊन कमी पडतंय. हे पाण्याने किंवा खताने भरून निघत नाही.

काकडीच्या रोपाला दिवसाचं किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. पूर्वेच्या गॅलरीत सकाळी सात ते अकरा मिळतं, तेवढ्यावर थोडं उजळ आकाश मिळालं तर भागतं. पश्चिमेला दुपारी एक ते सहा मिळतं, पण ते तिखट असतं. उत्तरेच्या गॅलरीत नुसत्या बाहेरच्या उजेडावर रोपं करूच नयेत. तिथे, आणि जुलैच्या ढगाळ आठवड्यांत कुठेही, १८-२० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या शेंड्यापासून १० ते १५ सेंटिमीटर वर टांगून रोज १४ तास चालू ठेवावी. छताला लावलेल्या ट्यूबलाइटचा उपयोग नाही, अंतर वाढलं की उजेड फार झपाट्याने घटतो. सरकत्या काचेच्या खिडकीत ठेवलेली रोपं काचेकडे झुकतात, ती रोज अर्धा फेर फिरवावीत. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर ट्रे ठेवू नये. ती गरम झुळूक तासाभरात कोवळी पानं सुकवते.

रोप थोडं लांबलं असेल तर कपात काठापर्यंत ओलसर मिश्रण भरून देठाला आधार द्या आणि ऊन वाढवा. टोमॅटोसारखं देठ खोल पुरणं मात्र काकडीला मानवत नाही, पुरलेला देठ आपल्या दमट हवेत बहुधा सडतो. बारा सेंटिमीटरपर्यंत ताणलेलं रोप वाचवण्यात वेळ घालवू नये. नवं बी चार दिवसांत उगवतं आणि त्याला मागे टाकतं.

पाणी: कप उचलून ठरवा

वेळापत्रक विसरा. पाणी दिल्यावर एक कप हातात घेऊन वजन लक्षात ठेवा. तो कप निम्म्याने हलका वाटेपर्यंत परत पाणी नाही. वरून कोरडं दिसणारं कोकोपीट आत अजून बरंच ओलं असतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. हिवाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी, मार्चमध्ये रोज, जुलैत चार दिवसांनीही चालतं, असा फरक पडतो.

पाणी सकाळी द्यावं. कप पसरट ताटात दीड-दोन सेंटिमीटर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवले की खालून हवं तेवढं शोषतात, आणि देठ व पानं कोरडी राहतात. मग ताटातलं उरलेलं पाणी ओतून टाका. ताटात साचलेल्या पाण्यात उभे ठेवलेले कप, हे रोपं मरण्याचं मुख्य कारण आहे. मुळांना श्वासाला हवा लागते, आणि कोकोपीटमधली प्रत्येक पोकळी पाण्याने भरली की ती गुदमरतात. अशी रोपं कोमेजलेली दिसतात, माणूस घाबरून आणखी पाणी घालतो, आणि रोप हातचं जातं. कोमेजलेलं रोप दिसलं की आधी कप उचला. जड असेल तर पाणी बंद, वारा आणि उजेड सुरू.

एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका बसेल इतकं गरम येतं, ते बादलीत निवू द्या. महापालिकेचं नळाचं पाणी रोपांना चालतं; ट्रायकोडर्माची आळवणी (पाण्यात मिसळून मुळाशी ओतणं) करायची असेल तेवढ्यापुरतं रात्रभर उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जातो. खाडीलगतच्या सोसायट्यांत बोअरवेलचं पाणी खारट असू शकतं. जिभेला किंचित जरी खारट लागलं तरी रोपांना ते देऊ नका.

मर: रोप कोलमडतं तेव्हा

काल उभं असलेलं रोप आज आडवं. जवळून पाहिलं तर मातीच्या रेषेवर देठ एखाद-दोन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात पाणचट, तपकिरी आणि आवळलेला दिसतो. वरची बीजपत्रं अजून हिरवीगार असतात, म्हणूनच पुष्कळांना वाटतं रोप वाऱ्याने पडलं. हा मर रोग. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशीवर्गीय जीवांचं हे काम, आणि त्यांना लागतं ते सगळं आपण पुरवतो: साचलेला ओलावा, दाटी, बंद हवा, कच्चं खत.

पडलेलं रोप परत उभं राहत नाही. ते मिश्रणासकट कचऱ्यात टाका, कुंडीत नाही. शेजारचे कप एकमेकांपासून हात-दीड हात दूर करा, दोन दिवस पाणी बंद करा आणि छोटा पंखा कमी वेगावर काही तास रोपांच्या बाजूने फिरू द्या. पानं जेमतेम हलतील एवढाच वारा पुरे. त्याने पृष्ठभाग सुकतो आणि देठही जाड होतो. उरलेल्या रोपांना लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळून प्रत्येकी २०-२५ मिलिलिटर आळवणी द्यावी. मात्र ट्रायकोडर्मा आधीपासून मिश्रणात असेल तर त्याचा जास्त उपयोग होतो; मर पसरल्यावर ते आग विझवत नाही. म्हणूनच पेरणीपूर्वी किलोभर गांडूळखतात दहा ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळून, ओलसर ठेवून, गोणपाटाखाली आठवडाभर मुरवलेलं खत वापरणं जास्त शहाणपणाचं. दालचिनीची पूड, हळद वगैरे टाकण्यावर भिस्त ठेवू नका. मूळ कारण पाणी आहे, ते आधी थांबवा.

कबुतरं, भुंगेरे आणि बारीक काळ्या माश्या

कबुतरं रोपं खातात त्याहून जास्त उपटतात आणि तुडवतात. गॅलरीला जाळी नसेल तर बाजारात मिळणारा भाजीचा जाळीदार प्लास्टिक क्रेट ट्रेवर उपडा घाला आणि वर वीट ठेवा. ऊन आणि वारा दोन्ही आत जातात. वाशीच्या बाजार समितीच्या परिसरात जुने क्रेट मिळतात. पावसाळ्यात तळमजल्यावर गोगलगाई एका रात्रीत ट्रे साफ करतात. रात्री टॉर्च घेऊन त्या वेचाव्यात, आणि ट्रे टेबलावर ठेवावा.

फेब्रुवारीअखेरपासून तांबडे भुंगेरे येतात: नारिंगी-तांबडे, सहा-आठ मिलिमीटर लांब, चमकदार पाठीचे. ते थेट बीजपत्रांवर बसून गोल गोल भोकं पाडतात. काकडीवर्गातल्या कडू द्रव्याचीच त्यांना ओढ असते. दोन बीजपत्रं हा रोपाचा पहिला स्वयंपाक आहे, ती गेली तर रोप आठवडाभर मागे पडतं. भुंगेरे सकाळी लवकर सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याच्या वाटीत झटकून टाका. चुलीची राख चाळून दव असताना भुरभुरली तर कोरड्या दिवसांत चांगली चालते, पावसात धुऊन जाते. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे रोपं लावेपर्यंत ट्रेवर बारीक छिद्रांची कीटकरोधक जाळी किंवा जुनी मच्छरदाणी. हीच जाळी पांढरी माशी आणि मावाही रोखते, आणि ते रोखणं अधिक महत्त्वाचं, कारण त्यांनी एकदा विषाणू आणला की पिवळे-हिरवे ठिपके आलेलं, आखडलेलं रोप कशानेही बरं होत नाही. ते उपटून टाकावं.

पानावर पांढरी नागमोडी रेघ म्हणजे नागअळी. एक-दोन पानांवर असेल तर रेघेच्या टोकाशी अळी नखाने चिरडा, पान तोडू नका. कपावरून उडणाऱ्या बारीक काळ्या माश्या वरून निरुपद्रवी दिसतात, पण त्यांच्या अळ्या ओल्या कोकोपीटमध्ये मुळांचे कोवळे तंतू खातात. पाणी कमी करून वरचा थर सुकू द्या, अर्धा सेंटिमीटर कोरड्या जाड वाळूचा थर द्या आणि पिवळा चिकट सापळा आडवा ठेवा. निंबोळी तेल फवारायचं असेल तर पहिलं खरं पान पूर्ण उघडल्यावरच, संध्याकाळी, लिटरला दोन मिलिलिटर आणि सोबत दोन-तीन थेंब सौम्य द्रवसाबण. आधी एकाच रोपावर फवारून दुसऱ्या दिवशी पाहा, उन्हात फवारलं तर कोवळी पानं करपतात.

खत कधी, किती

पहिले सात-आठ दिवस काहीही नको, बीजपत्रांतली शिदोरी पुरते. पहिलं खरं पान रुपयाच्या नाण्याएवढं झालं की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, पाच दिवसांनी एक ग्रॅम. यापुढे जाऊ नका. गोमूत्र किंवा ताजं शेणपाणी रोपांना देऊ नये.

पानं बोलतात, ती नीट पाहा. बीजपत्रं दहाव्या दिवसाआधी पिवळी पडली तर मुळं पाण्यात आहेत किंवा उपाशी आहेत. चार खरी पानं आल्यावर पिवळी पडली तर ते स्वाभाविक आहे. पानांवर कागदासारखे पांढरे डाग एका दिवसात आले तर ऊन भाजलं. कडा जळल्या तर क्षार. पानं गडद हिरवी, खाली वळलेली आणि ठिसूळ असतील तर खत जास्त झालं, साध्या पाण्याने कप एकदा धुऊन निथळू द्या.

कुंडीत लावणी

दोन खरी पानं पूर्ण उघडली, तिसरं डोकावू लागलं, की रोप तयार. उबदार दिवसांत हे पंधराव्या ते अठराव्या दिवशी होतं, थंडीत बावीस-पंचवीस दिवस लागतात. पाच-सहा पानांपर्यंत कपात ठेवलेलं मोठं रोप पाहायला छान वाटतं, पण त्याची मुळं गोल फिरलेली असतात आणि कुंडीत गेल्यावर ते अडून बसतं. नर्सरीतून रोप आणताना हेच तपासा: दोन-तीन पानं, शाबूत बीजपत्रं, तळाच्या भोकातून दिसणारी पांढरी मुळं. तपकिरी मुळांचं किंवा फूल आलेलं रोप घेऊ नका.

लावणीआधी चार-पाच दिवस रोपांना अंतिम जागेची सवय करा: पहिल्या दिवशी दोन तास, मग दोन-दोन तास वाढवत. घरात एलईडीखाली वाढलेली रोपं एकदम दुपारच्या उन्हात ठेवली तर दोन तासांत पांढरी पडतात.

एका वेलीला किमान १५ इंची कुंडी किंवा ग्रो बॅग हवी. लाल माती चार भाग, कुजलेलं कंपोस्ट तीन, कोकोपीट दोन, जाड वाळू एक, आणि कुंडीमागे ५० ग्रॅम निंबोळी पेंड. हे मिश्रण दहा-पंधरा दिवस आधी भिजवून ठेवावं, ताजी पेंड कुजताना मुळांना चटका देते. काकडीला मूळ दुखावलेलं अजिबात सहन होत नाही. म्हणून लावणीच्या दोन तास आधी कपाला पाणी द्या, कप दोन्ही बाजूंनी ब्लेडने चिरा आणि गोळा अख्खा उचला. देठाला धरून ओढू नका. गोळा कुंडीतल्या मातीच्या पातळीलाच बसला पाहिजे, बुंध्याशी खळगा राहिला तर तिथे पाणी साचून देठ सडतो. कपात दोन रोपं असतील तर कमकुवत रोप कात्रीने बुंध्याशी कापा, उपटलंत तर दुसऱ्याची मुळं सोबत येतील.

लावणी संध्याकाळी करा, लगेच अर्धा लिटर पाणी घाला, पुढचे दोन-तीन दिवस दुपारी पुठ्ठ्याचा आडोसा द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पानं थोडी मलूल दिसली आणि संध्याकाळी परत उभी राहिली तर काही करू नका. नवं पान उघडायला लागलं, साधारण सातव्या-आठव्या दिवशी, की पहिलं खत द्या. पाचव्या-सहाव्या पानाला तणावे फुटतात, तोवर सुतळी वरच्या ग्रिलला बांधून तयार ठेवा आणि तिचं खालचं टोक देठाला न बांधता कुंडीतल्या काठीला बांधा.